मुलाखतीआधी स्वतःचं नाव शोधून बघा

तुमचं नाव गूगल स्कॉलरवर एकदा टाकून बघा. पूर्ण नाव नको, आद्याक्षर आणि आडनाव, इंग्रजी स्पेलिंगमध्ये. पेपरवर बहुतेक वेळा तसंच छापलं जातं. 'एस. पाटील' किंवा 'ए. जाधव' असाल तर मी काय म्हणतेय ते लगेच कळेल.

माझा विषय भूजलातलं फ्लोराइड. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी एका प्रकल्पातल्या जागेसाठी मुलाखतीला गेले, तर समोरच्या सरांनी पहिलाच प्रश्न विचारला तो कोळंबीच्या खाद्यावर! त्यांच्या हातात माझ्या स्कॉलर प्रोफाइलचा प्रिंटआउट होता आणि त्यात माझ्याच आद्याक्षर-आडनावाच्या कुणा दुसऱ्याचे चार पेपर येऊन बसले होते. नवे लेख आपोआप जोडायचा पर्याय मी कधी बदललाच नव्हता. "तुमचे नाहीत, मग तुमच्या नावाखाली कसे?" यावर मला धड उत्तर देता आलं नाही. जागा मिळाली नाही. त्यामुळेच मिळाली नाही असं मी म्हणणार नाही, पण पहिली पाच मिनिटं खुलासे करण्यात गेली, हे नक्की.

म्हणून पोर्टफोलिओची सुरुवात वेबसाइटच्या रंगांपासून करू नका. आधी ऑर्किड काढा. 2012 पासून चालू असलेली ही मोफत सोय आहे. तुम्हाला 16 अंकी क्रमांक मिळतो (शेवटच्या जागी कधीकधी एक्स असतो) आणि नाव कितीही सामान्य असलं तरी तो तुमचा एकट्याचाच. लग्नानंतर आडनाव बदललं, एका पेपरवर वडिलांचं नाव आलं आणि दुसऱ्यावर नाही, तरी सगळं काम एका जागी राहतं. नोंदणी करताना कॉलेजच्या ईमेलसोबत स्वतःचा खाजगी ईमेलही द्या. कॉलेज सुटलं की तो ईमेल बंद होतो आणि मग पासवर्ड बदलायला बसलात की रडायची वेळ येते.

मग वेबपेज. गिटहबवर 'युजरनेम डॉट गिटहब डॉट आयओ' या नावाची रिपॉझिटरी उघडली की फुकट पान मिळतं. त्यावर तुमचा प्रश्न काय आहे ते दोन-तीन वाक्यांत, शेजारच्या विभागातल्या माणसाला कळेल असं लिहा. बाकी सीव्ही, ऑर्किडची लिंक, झालं.

"पण ताई, माझा एकही पेपर नाही," असं ज्युनिअर नेहमी म्हणतात. अरे, पेपर नाही, पण काम तर केलंय ना? प्रबंध शोधगंगेवर जाईल तो पदवी मिळाल्यावर. तोवर परिषदेतलं पोस्टर, डेटा साफ करायला लिहिलेला कोड, एमएस्सीचा प्रकल्प अहवाल, हे सगळं सर्नच्या झेनोडोवर ठेवता येतं. तिथे प्रत्येक नोंदीला डीओआय मिळतो, म्हणजे दुसऱ्याला ते काम रीतसर उद्धृत करता येतं. फक्त एक लक्षात ठेवा: झेनोडोवर प्रसिद्ध केलेली गोष्ट पुढे कधीही मनात आलं म्हणून पुसता येईल असं धरू नका, नवी आवृत्ती टाकली तरी जुनी दिसत राहते. त्यामुळे आधी गाइडना आणि सहलेखकांना विचारा. पेटंटचा विचार असेल तर अर्ज होईपर्यंत काहीच टाकू नका. आधी जाहीर झालेली गोष्ट 'नवी' ठरणं अवघड होऊन बसतं. आणि जर्नलने छापलेली पीडीएफ जशीच्या तशी चढवू नका, तिचे हक्क बरेचदा प्रकाशकाकडे असतात. स्वीकारलेलं हस्तलिखित चालेल का, ते त्या जर्नलच्या धोरणात बघा.

स्कॉलर प्रोफाइलमध्ये आता मी 'बदल सुचवा, मी तपासेन' हा पर्याय ठेवलाय. महिन्यातून एखादा ईमेल येतो. परवाच कोळंबीचा अजून एक पेपर आला होता.

आणि हो, सीव्ही चढवण्याआधी त्यातला मोबाइल नंबर, जन्मतारीख आणि घरचा पत्ता काढा. आपल्याकडच्या सीव्हीत ते असतंच, आणि पीडीएफ एकदा इंटरनेटवर गेली की ती कुणी कुणी उतरवून घेतली याचा पत्ता लागत नाही.