फोन अपडेट झाला. साखरेचा गजर वाजतो ना?

फोनमध्ये नवीन अपडेट आले की काहीतरी कुरबुर होतेच. बॅटरी लवकर उतरते, ब्लूटूथ जोडले जात नाही, एखादे अ‍ॅप उघडताच बंद पडते. बहुतेकांसाठी ही चार दिवसांची कटकट असते. पण दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावलेल्या मधुमेही व्यक्तीच्या ती जिवावर बेतू शकते.

हा सेन्सर त्वचेखालील द्रवातली साखर दर काही मिनिटांनी मोजतो आणि ब्लूटूथने फोनला कळवतो. साखर ठरवलेल्या मर्यादेखाली, बहुधा ७०च्या खाली गेली की फोन गजर देतो. टाइप १ मधुमेह असलेली मुले आणि इन्सुलिन घेणारे ज्येष्ठ यांना त्याचा मोठा आधार वाटतो. साखर उतरताना घाम येतो, हात थरथरतात, छातीत धडधडते. झोपेत मात्र हे लक्षात येतेच असे नाही, आणि अनेक वर्षे मधुमेह असलेल्या कित्येकांची ही जाणीवच बोथट झालेली असते. साखर ५४च्या खाली गेली तर मेंदूला इंधन कमी पडू लागते. आणखी उतरली तर बरळणे, झटके, बेशुद्धी येऊ शकते.

अपडेटनंतर गजर का थांबतो? नव्या प्रणालीत कधी अ‍ॅपला दिलेल्या परवानग्या बदलतात. कधी बॅटरी वाचवण्यासाठी फोन ते अ‍ॅप पार्श्वभूमीत बंद करतो. कधी ते अ‍ॅप नव्या प्रणालीसाठी तयारच झालेले नसते. काही वेळा पडद्यावर आकडा नेहमीसारखा दिसतो, फक्त आवाज येत नाही. त्यामुळे बिघाड झाल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये याबाबत इशारा दिला. गजर न मिळाल्याने काही रुग्णांना गंभीर इजा झाली असावी, काहींचा मृत्यूही ओढवला असावा, असे त्यात म्हटले आहे.

अपडेट झाले की पुढील गोष्टी तपासाव्यात :

• फोन एकदा बंद करून सुरू करावा. ब्लूटूथ चालू आहे का, ते पाहावे.

• सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या नोटिफिकेशन आणि ब्लूटूथच्या परवानग्या पाहाव्यात. ‘डू नॉट डिस्टर्ब’ असतानाही गजर वाजेल, अशी मुभा द्यावी.

• बॅटरी बचतीच्या यादीतून ते अ‍ॅप वगळावे.

• साखर १५० असेल तर जास्त साखरेची मर्यादा थोडा वेळ १४० करावी आणि गजर वाजतो का ते ऐकावे. नंतर मर्यादा पूर्ववत करावी. कमी साखरेच्या गजराची सेटिंग वेगळी असते, तीही पाहावी.

• घाईने अ‍ॅप काढून टाकू नये. काही सेन्सर पुन्हा जोडले जात नाहीत आणि नवा लावण्याचा खर्च पडतो. आधी कंपनीच्या मदत केंद्राला विचारावे.

फोनचे स्वयंचलित अपडेट बंद ठेवावे. आपले अ‍ॅप नव्या प्रणालीवर चालते, असे कंपनीने कळवल्यावरच, तेही सकाळी, अपडेट करावे. मुलाच्या साखरेचा गजर आईवडिलांच्या फोनवर येत असेल, तर तो फोनही तपासावा.

गजराची खात्री होईपर्यंत बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरवर साखर पाहावी, विशेषतः झोपण्यापूर्वी. ती ७०च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये. तिला कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सेन्सर आल्यापासून अनेक घरांत ग्लुकोमीटर कपाटात पडून आहे. तो काढून त्याच्या पट्ट्यांची मुदत आजच पाहावी.