फोन काढून घेतला, आता हातात काय द्यायचं?

दिवस मावळायच्या आत पोरं घरात, हे जुन्नर-आंबेगावच्या मळ्यांतून आता कुणाला सांगावं लागत नाही. पिंपरखेडचे बिबट्याचे हल्ले, मंचरला अडलेला पुणे-नाशिक महामार्ग, बदललेल्या शाळांच्या वेळा, उसाच्या कडेने लावलेले पिंजरे. 2025च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या या बातम्या वाचकांना पाठ आहेत. त्यांच्या मागे राहून गेली ती संध्याकाळच्या तासांची गोष्ट. दिवेलागणीपासून जेवणापर्यंतचा वेळ पूर्वी अंगणात, पारावर, देवळापुढच्या पटांगणात जायचा. मळ्यातल्या वस्तीवर तो आता दार लावून काढावा लागतो, आणि दार लागलं की घरातल्या मोठ्या फोनवर सगळ्या पोरांचा डोळा असतो.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. टीम इंडियाच्या जर्सीवरचं अशाच एका कंपनीचं नाव उतरलं, जाहिराती थांबल्या. फार चांगलं झालं. पण लहान मुलाच्या हातातला फोन त्या कायद्याने सुटत नाही. फुकट म्हणून घेतलेला खेळ मधेमधे जाहिरात दाखवतो, नाणी विकत घ्यायला सांगतो, उद्या परत आलास तर बक्षीस देईन म्हणतो. त्याला शेवट नसतो, कारण तो संपू नये म्हणूनच रचलेला असतो. पालकांचा प्रश्न रास्त आहे: फोन काढून घेऊ, पण बदल्यात देऊ काय?

माझं उत्तर ठाम आहे. तळहातावर मावणारा, जुने खेळ चालवणारा, सिमकार्ड नसलेला व्हिडिओ गेम द्या. असे डझनावारी प्रकार आज बाजारात आहेत. मात्र ते निवडताना लोक फोन घेतल्यासारखं करतात. चिप कुठली, रॅम किती, गेम किती हजार. इथेच चूक होते. कशी, ते समजायला एका जपानी माणसाची गोष्ट ऐकायला हवी.

मुरलेल्या तंत्राचा माणूस

गुनपेई योकोई 1965मध्ये निन्टेन्डोत लागले, तेव्हा ती पत्ते छापणारी कंपनी होती आणि योकोईंचं काम यंत्रांची देखभाल. तिथून ते खेळण्यांकडे वळले. 1980मध्ये त्यांनी कॅल्क्युलेटरमधला पडदा आणि बटण-सेल घेऊन खिशात मावणारा ‘गेम अँड वॉच’ काढला. 1982मध्ये त्याच मालिकेतल्या ‘डाँकी काँग’साठी त्यांनी अधिकच्या चिन्हासारखं चार दिशांचं बटण बसवलं. आज जगातल्या बहुतेक गेम यंत्रांवर डाव्या अंगठ्याखाली तेच बटण किंवा त्याचं भावंड आहे.

योकोईंचं म्हणणं सरळ होतं. नवीकोरी, महागडी तंत्रं सोडा. जे जुनं झालंय, स्वस्त झालंय, ज्याचे गुणदोष सगळ्यांना ठाऊक आहेत, ते घ्या आणि त्याचा नवा उपयोग शोधा. 1989चा गेमबॉय याच विचारातून आला. रंगीत पडदा तेव्हा उपलब्ध होता. अटारीने त्याच वर्षी रंगीत ‘लिंक्स’ आणला, सेगाने 1990मध्ये रंगीत ‘गेम गिअर’. गेमबॉयचा पडदा मात्र हिरवट, एकरंगी, मागे दिवासुद्धा नाही. पण चार पेन्सिल सेलवर तो पंधरा तास आणि त्याहून जास्त चालायचा. गेम गिअर सहा सेल तीन-पाच तासांत संपवायचा. गेमबॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून 11 कोटी 86 लाखांवर खपले. गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. गावच्या फिटरला उघडता येते ती मोटर चांगली, हा हिशेब विहिरीवर रोज होतोच. हातातल्या गेमलाही तोच लावायचा. सेल कुठे मिळतो? बटण बसलं तर कोण दुरुस्त करतो? लाइट गेल्यावर किती वेळ चालतो? हे प्रश्न आधी, चिपचा नंतर.

यात्रेतला डबा

खरा गेमबॉय आपल्या खेड्यांत फारसा आलाच नाही. आपल्याला माहीत आहे तो ‘9999 इन 1’ लिहिलेला ब्रिक गेम. ओतूरला श्रावणी सोमवारची कपर्दिकेश्वराची यात्रा असो, की पौष पौर्णिमेची थापलिंगची, खेळण्यांच्या पालावर तो टांगलेला असायचा. दोन पेन्सिल सेल घातले की ठोकळे पडायला लागत. 1984मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी रचलेला ‘टेट्रिस’ आपल्या पोरांनी असा, रचणाऱ्याचं नाव न कळता, मनसोक्त खेळला. पुढे घरात टीव्हीला जोडायचा मारिओ-काँट्रा आला आणि मग नोकिया 1100मधला साप. आज चाळिशीला टेकलेल्या पिढीचं खेळणं हे एवढंच.

आता त्याच पालांवर ‘सप 400 इन 1’ नावाचा चपटा डबा मिळतो, काही शे रुपयांत. तो हातात घेऊन नीट बघण्यासारखा आहे. मागचं झाकण सरकवलं की आत बीएल-5सी बॅटरी दिसते. होय, नोकिया 1100मध्ये असायची तीच. कुठल्याही मोबाइलच्या दुकानात ती मिळते आणि दहा सेकंदांत बदलता येते. सोबतच्या पिवळ्या टोकाच्या वायरीने तो टीव्हीलाही जोडता येतो. बटणांखाली रबराची एक पट्टी आणि तिला काळे ठिपके असतात. बटण लागेनासं झालं की चार स्क्रू काढून ते ठिपके आणि खालची पाटी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली तर बहुतेक वेळा पुन्हा चालू लागतं. योकोईंना हा डबा आवडला असता.

त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. यात टीव्हीवरचे जुने आठ-बिट खेळ चालतात, गेमबॉयचे चालत नाहीत. 400मधले बरेचसे तेच खेळ नाव बदलून पुन्हा येतात. डाव अर्ध्यात जपून ठेवता येत नाही. बंद केला की पुन्हा पहिल्यापासून. सहा-सात वर्षांच्या पोराला एवढं पुरतं. त्याहून मोठ्याला, किंवा स्वतःच्या हौसेसाठी घेणाऱ्याला, एक पायरी वर जावं लागतं.

आधी पडदा बघा

इथे पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: मला नक्की कुठल्या यंत्राचे खेळ खेळायचेत? कारण प्रत्येक जुन्या यंत्राचा पडदा वेगळ्या मापाचा होता. गेमबॉयचा आडवे 160 ठिपके, उभे 144. 2001च्या गेमबॉय अॅडव्हान्सचा 240 बाय 160. सोनीच्या पीएसपीचा लांबट, 480 बाय 272. निन्टेन्डो डीएसला तर एकावर एक असे दोन पडदे.

नव्या पडद्यावर जुना एक ठिपका दोन, तीन, चार अशा पूर्ण पटीत मोठा झाला तर चित्र रेखीव दिसतं. पट पावणेतीनच्या आसपास आली की काही ठिपके जाड होतात, काही बारीक, आणि चित्र सरकायला लागलं की सगळं लुकलुकतं. यंत्राची चिप कितीही जोरदार असली तरी हा दोष तसाच राहतो.

बहुतेक स्वस्त यंत्रांचा पडदा साडेतीन इंची, 640 बाय 480 असतो. त्यावर गेमबॉय बरोबर तिप्पट होऊन 480 बाय 432 बसतो, वरखाली थोडीशी आणि दोन्ही बाजूंना जरा रुंद काळी पट्टी राहते, पण चित्र सुरेख. अॅडव्हान्स मात्र दुप्पट केला तर लहान दिसतो आणि पडदाभर ताणला तर लुकलुकतो. अँबरनिक कंपनीने आरजी-34एक्सएक्स या यंत्राला 720 बाय 480चा पडदा दिला, म्हणजे अॅडव्हान्सच्या नेमका तिप्पट. हा विचार करून केलेला पडदा आहे आणि त्याचं कौतुक करायलाच हवं. अॅनालॉग पॉकेट या अमेरिकी यंत्रात तर 1600 बाय 1440, म्हणजे गेमबॉयच्या थेट दहापट पडदा आहे, आणि ते खऱ्या गेमबॉयच्या जुन्या कॅसेटही घेतं. पण त्याची किंमत 200 डॉलरच्या वर आणि कॅसेटचा खर्च वेगळा. संग्राहकाने जरूर घ्यावं. मळ्यातल्या घरात त्याची गरज नाही.

माझी निवड अशी. गेमबॉय आणि आठ-बिट खेळांसाठी मियू मिनी प्लस. त्याची 3000 एमएएचची बॅटरी मागचं झाकण काढून बदलता येते, हा गुण मला सगळ्यात मोठा वाटतो. अॅडव्हान्सचेच खेळ खेळायचे असतील तर आरजी-34एक्सएक्स. हात मोठा असेल, यंत्र आडवं धरायची सवय असेल तर अँबरनिकचंच आरजी-35एक्सएक्स एच. आर-36एस सगळ्यांत स्वस्त पडतं, पण त्याच्या नकला इतक्या झाल्या आहेत की डोळ्यांनी पडदा बघितल्याशिवाय घेऊ नये. ही सगळी चिनी यंत्रं. ती जिथून थेट मागवली जायची ते अलीएक्स्प्रेस भारतात नोव्हेंबर 2020पासून बंद आहे. आता मधल्या विक्रेत्याकडून घ्यावी लागतात, म्हणून एकाच यंत्राचे भाव दुकानागणिक बदलतात. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला फेरी होणार असेल तर चार ठिकाणी विचारून बघावं आणि यंत्र हाताळूनच घ्यावं.

पीएसपीच्या मोहात पडून लोक रेट्रॉइडसारखी मोठी यंत्रं घेतात. ती ताकदवान आहेत यात शंका नाही. पण ती अँड्रॉइडवर चालतात. अँड्रॉइड आलं की प्ले स्टोअर आलं, व्हिडिओ आले, जाहिराती आल्या. ज्या फोनमधून पोराला सोडवायचं तोच बटणं लावून पुन्हा हातात दिल्यासारखं होतं. मुलासाठी घेत असाल तर अँड्रॉइडचं यंत्र घेऊच नका. मियू आणि अँबरनिकच्या वर सांगितलेल्या यंत्रांत वायफाय असतं, पण ते बंद ठेवलं तरी एकही खेळ अडत नाही.

घेताना आणि घेतल्यावर

दुकानात टेट्रिस लावा. चार दिशांच्या बटणावर अंगठा ठेवून फक्त डावी-उजवीकडे दाबत राहा. ठोकळा मधेच एकदम वेगाने खाली जात असेल तर बटण तिरकं लागतंय. ते यंत्र ठेवून द्या. मग बाहेर उजेडात जाऊन पडदा बघा.

चार्जिंगचं एक ध्यानात ठेवा. यातली बरीच स्वस्त यंत्रं दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरीने चार्ज होतच नाहीत. आपल्याला वाटतं यंत्र बिघडलं. जुन्या फोनचा साधा पाच व्होल्टचा चार्जर आणि एका टोकाला चपटी यूएसबी असलेली वायर लावा.

सोबत येणारं मेमरी कार्ड बहुधा हलक्या प्रतीचं असतं आणि अचानक जातं. त्यासोबत पोराचे जपलेले डावही जातात. पहिल्याच दिवशी चांगल्या कंपनीचं कार्ड घालून सगळं त्यावर उतरवा.

त्या कार्डाबद्दल आणखी थोडं. ‘दहा हजार गेम फुकट’ अशी जाहिरात असते ते खेळ जवळजवळ सगळे परवानगीशिवाय भरलेले असतात. आपल्याकडे प्रकाशित झाल्यापासून निदान 60 वर्षं अशा खेळांवर कॉपीराइट राहतो, आणि गेमबॉयला अजून 40 वर्षंही झालेली नाहीत. 1957च्या कॉपीराइट कायद्याने स्वतःच्या विकत घेतलेल्या प्रतीची जपणुकीसाठी नक्कल करायला मुभा दिली आहे. दुसऱ्याच्या खेळांची खिरापत वाटायला दिलेली नाही. पोराला फसव्या जाहिरातींपासून सोडवताना त्याच्या हातात चोरीचा माल द्यावा का, याचा विचार पालकांनी केलाच पाहिजे.

सुदैवाने सरळ रस्ता आहे. जगभरातले हौशी लोक आजही गेमबॉयसाठी नवे खेळ बनवतात आणि त्यातले कितीतरी रीतसर फुकट वाटतात. जीबी स्टुडिओ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. कोड न लिहिता त्यात खेळ रचता येतो आणि तो या यंत्रांवर चालतो. मराठीत खेळ करायचा तर खरी कसोटी लागते. गेमबॉयचं चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटींनी बनतं आणि त्या आठ ओळींत शिरोरेघ, वेलांटी, उकार सगळं बसवावं लागतं. अक्षराला दोन चौकटींची उंची दिली तर ते जमतं. जुन्नर-आंबेगावच्या ज्या शाळांत संगणक आहे, तिथल्या एखाद्या शिक्षकाने हे मनावर घेतलं, तर सातवीतली पोरं शिवनेरीच्या सात दरवाजांचा खेळ स्वतः बनवू शकतील. मला हे स्वप्न अजिबात दूरचं वाटत नाही.

खेळ कुठूनही आणा, पण कार्डावर दहाच ठेवा. हजार खेळ असले की पोरगं एकही खेळत नाही, नुसतं यादी चाळत बसतं, म्हणजे पुन्हा फोनचीच सवय. लहानांना वाचावं न लागणारे ठोकळ्यांचे, उड्या मारायचे खेळ द्या. सहावी-सातवीतल्यांना गोष्टीचा खेळ द्या. त्यातलं इंग्रजी ते अडखळत का होईना, स्वतःच्या गरजेने वाचतात.

जुन्या खेळांचा सगळ्यात मोठा गुण त्यांच्या साधेपणाहून वेगळा आहे. ते संपतात. शेवटचा दरवाजा उघडतो, राजकन्या सुटते, पडद्यावर नावं येतात आणि पोरगं मान वर करतं. हरलं तर आपल्या चुकीने हरतं, पैसे भरले नाहीत म्हणून नाही. शिवाय हा खेळ आई-बापांनाही येतो. काँट्रात कुठे वाकायचं, मारिओत कुठल्या नळात शिरायचं, हे आज तिशी-चाळिशीतल्या माणसांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून यंत्र आणलं की पोराच्या हातात देऊन मोकळे होऊ नका. शेजारी बसा, पाळीपाळीने खेळा, त्याला हरवा, त्याच्याकडून हरा. बिबट्याचा प्रश्न सरकारने आणि वनखात्याने सोडवायचा आहे आणि तो लवकर सुटला पाहिजे. तोवर बंद दाराआडची संध्याकाळ पोराने एकट्याने काढायची नाही, एवढं तर घरातल्या मोठ्यांच्या हातात आहे.