दात पांढरे करायला दवाखान्यात जाताय? पैसे मोजण्याआधी ‘हे’ नक्की वाचा

लग्नसराई जवळ आली की तालुक्याच्या ठिकाणी दातांच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. “डॉक्टर, दात पांढरेशुभ्र करून मिळतील का? फोटो काढायचेत.” मोबाईलवर ‘एका तासात मोत्यासारखे दात’ अशा जाहिराती रोज दिसतात. काही ब्युटी पार्लरमध्येही आता ‘टीथ व्हाइटनिंग’चे बोर्ड लागू लागले आहेत.

डॉक्टरकडून केलेल्या व्हाइटनिंगने दात उजळतात, हे खरं आहे. पण ते सगळ्यांचे उजळत नाहीत, सगळेच डाग जात नाहीत आणि आलेला उजळपणा कायमचा टिकत नाही. गावाकडच्या बऱ्याच जणांना तर व्हाइटनिंगची गरजच नसते, नुसती नीट सफाई पुरते. म्हणून आधी आपले दात पिवळे कशामुळे झाले, ते समजून घ्यायला हवं.

दात पिवळे का पडतात?

दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल. ते थोडं पारदर्शक असतं. त्याच्या आत डेंटिन नावाचा थर असतो आणि त्याचा मूळ रंगच पिवळसर असतो. वय वाढतं तसं वरचं कवच झिजून पातळ होतं आणि आतला पिवळा रंग जास्त दिसू लागतो. त्यामुळे थोडा पिवळेपणा हा रोग नाही. निरोगी दातही दुधासारखे पांढरे नसतात.

डाग मात्र दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार वरवरचा. चहा, विड्याचं पान, तंबाखू, मिश्री, बिडी यांचा थर दातावर बसतो. त्यासोबत किटण चढतं. दुसरा प्रकार आतला. वयामुळे, लहानपणी घेतलेल्या काही औषधांमुळे, दाताला मार लागल्यामुळे किंवा पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे दाताचा रंग आतूनच बदलतो.

वरवरचा डाग सफाईने जातो. आतल्या डागासाठी व्हाइटनिंगचा विचार होतो, पण तोही प्रत्येक डागावर चालत नाही.

आधी सफाई, मग बाकीचं

दवाखान्यात मशीनने दात साफ करतात, त्याला स्केलिंग म्हणतात. मशीनचं टोक वेगाने थरथरतं, पाण्याचा फवारा सुरू असतो आणि किटण सुटून येतं. मिश्री, तंबाखू किंवा चहाचे डाग असतील तर एवढ्यानेच दात बरेच उजळ दिसतात. खर्चही व्हाइटनिंगपेक्षा बराच कमी येतो.

“दात साफ केले की ढिले होतात,” असं गावोगावी बोललं जातं. ते खरं नाही. किटणामुळे हिरड्या सुजतात आणि दाताला धरून ठेवणारं हाड आतून झिजत जातं. दात ढिला आधीच झालेला असतो, किटणाच्या थराने तो नुसता जखडलेला असतो. थर निघाला की दात हलल्यासारखा वाटतो, फटी दिसतात आणि दोष सफाईवर येतो. खरं तर किटण तसंच ठेवलं तरच दात लवकर जातात.

डॉक्टर व्हाइटनिंग कसं करतात?

व्हाइटनिंगच्या जेलमध्ये मुख्य रसायन हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड असतं. ते इनॅमलमधून आत झिरपतं आणि रंग देणारे कण फोडून फिके करतं. नीट केलं तर दात खरवडला जात नाही.

डॉक्टर आधी किडलेले दात, हिरड्या आणि जुन्या कॅप तपासतात. कीड असेल तर ती भरतात, दात साफ करतात. मग रंगाच्या पट्टीशी दात जुळवून आताचा रंग नोंदवतात. हिरड्यांवर संरक्षक थर लावतात, कारण दवाखान्यातलं जेल तीव्र असतं. त्यात पेरॉक्साइडचं प्रमाण साधारण २५ ते ४० टक्के असतं, ते हिरडीला लागलं तर भाजतं. १५-२० मिनिटांसाठी जेल लावायचं, पुसायचं, परत लावायचं, असं दोन-तीन वेळा होतं. एकूण तास-दीड तास जातो.

काही ठिकाणी निळा लाइट किंवा लेझर वापरतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. खरं काम जेलच करतं. लाइटमुळे पुढे टिकणारा फार मोठा फरक पडत नाही.

दुसरी पद्धत घरची, पण डॉक्टरच्या देखरेखीतली. दातांचं माप घेऊन पातळ ट्रे बनवतात. त्यात १० ते १६ टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं सौम्य जेल भरून रोज ठरावीक वेळ, साधारण दोन आठवडे लावायचं. वेळ जास्त लागतो, पण परिणाम चांगला येतो आणि त्रासही सहसा कमी होतो.

फायदा कुणाला, किती दिवस?

वयामुळे किंवा खाण्यापिण्यामुळे दात पिवळसर झाले असतील, तर सगळ्यात चांगला परिणाम दिसतो. करड्या किंवा निळसर छटेचे दात हट्टी असतात. उजळपणा काही महिने ते दोन-तीन वर्षं टिकतो. तंबाखू, मिश्री आणि दिवसातून सहा कप चहा चालू राहिला, तर तो फार लवकर जातो.

लग्नासाठी करायचं असेल तर आदल्या दिवशी जाऊ नका. व्हाइटनिंगनंतर दात थोडे कोरडे पडतात, म्हणून पहिल्या दिवशी जरा जास्तच पांढरे दिसतात. खरा रंग आठवडा-दोन आठवड्यांत बसतो. दोन-तीन दिवस थंड-गरमाने दात शिवशिवतात, काहींना कळा येतात. त्यामुळे निदान तीन आठवडे हातात ठेवावेत. नंतरचे पहिले दोन दिवस चहा, हळदीची भाजी, बीट, जांभूळ आणि पान टाळायचं. दूध, दही, भात, इडली चालते.

इथे व्हाइटनिंग चालत नाही

कॅप, नकली दात आणि दातात भरलेलं सिमेंट यांचा रंग बदलत नाही. पुढच्या दाताला जुनी कॅप असेल, तर बाकीचे दात उजळल्यावर ती वेगळी उठून दिसते. नवीन कॅप बसवायची असेल तर आधी व्हाइटनिंग करून, दोन आठवडे थांबून मग रंग जुळवून घ्यावा.

मार लागून काळा पडलेला एखादा दात वरून जेल लावून नीट होत नाही. त्याची नस बहुधा मेलेली असते. आधी रूट कॅनॉल लागतं.

पाण्यातल्या फ्लोराइडचे डाग हा आपल्या राज्यात मोठा विषय आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळलं आहे. लहानपणी, दात घडत असताना असं पाणी पोटात गेलं की दातांवर पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग उमटतात. व्हाइटनिंग केल्यावर पांढरे पट्टे कधी कधी आणखी ठळक दिसतात. अशा दातांसाठी वेगळे उपचार असतात.

मात्र घरात दोन-तीन मुलांच्या दातांवर सारखेच डाग दिसले, तर दातांआधी पाणी तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड योग्य मानतात. दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. तपासणीसाठी ग्रामपंचायत अधिकारी किंवा गावच्या जलसुरक्षकाला विचारा.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या महिलांनी व्हाइटनिंग पुढे ढकलावं. १८ वर्षांखालच्या मुलांनी ते टाळावं. मिश्रीने घासून घासून दातांना हिरडीजवळ खाचा पडल्या असतील, तर आधी त्यावर उपचार घ्यावा. नाहीतर कळा सहन होत नाहीत.

लिंबू-सोडा, कोळसा, राख नकोच

व्हिडिओ पाहून लिंबात सोडा कालवून दात घासणारे बरेच आहेत. लिंबातलं ॲसिड इनॅमल मऊ करतं आणि घासल्याने ते निघून जातं. एकदा गेलेलं इनॅमल परत येत नाही. मग आतला पिवळा थर उघडा पडतो आणि दात आधीपेक्षा जास्त पिवळे दिसतात. कोळसा, राख आणि विटेची भुकटी यांनीही दात झिजतात. मिश्री म्हणजे तर भाजून कुटलेली तंबाखूच. ती दात साफ करत नाही, व्यसन मात्र लावते.

डागापेक्षा चट्टा महत्त्वाचा

तंबाखू, गुटखा, सुपारी किंवा मिश्री घेणाऱ्यांनी दातांच्या रंगाआधी तोंडाच्या आत बघावं. आरशासमोर, उजेडात गाल आणि जीभ बाजूला करून नीट पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट खाल्लं की होणारी आग, तीन बोटं उभी आत जात नाहीत इतकं कमी उघडणारं तोंड यातलं काहीही असेल तर व्हाइटनिंगचा विचार बाजूला ठेवा आणि लगेच तपासून घ्या. ही कॅन्सरची किंवा त्याआधीची लक्षणं असू शकतात. लवकर सापडलं तर उपचार सोपा पडतो.

तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी टोल फ्री नंबर आहे.

दवाखान्यात काय विचाराल?

- माझे डाग वरचे आहेत की आतले? नुसत्या सफाईने भागेल का?
- किती फरक पडेल? रंगाच्या पट्टीवर दाखवाल का?
- माझ्या कॅप आणि भरलेल्या दातांचं काय होईल?
- सगळा मिळून खर्च किती? तपासणी, सफाई, जेल, परत यावं लागलं तर त्याचे पैसे धरून सांगा.

उपचार करणाऱ्याकडे बीडीएस किंवा एमडीएस पदवी आणि राज्य दंत परिषदेची नोंदणी आहे का, हेही बघा. पार्लरमध्ये किंवा ऑनलाइन किट मागवून तीव्र जेल लावून घेणं धोक्याचं आहे. तिथे किडलेला दात कोण तपासणार?

आणि खिशात मोजकेच पैसे असतील, तर आधी कीड भरून घ्या, मग दात साफ करून घ्या. व्हाइटनिंगचा नंबर त्यानंतरचा.