अंगठा आमचा, मग जोखीमही आमचीच का?

पासवर्ड चोरीला जातो, ओटीपी गोड बोलून काढून घेतला जातो. म्हणून आता माणसाचे शरीरच तिजोरीची किल्ली करायचे ठरले आहे. बोटाचा ठसा, बुबुळ किंवा चेहरा पाहून ओळख पटवायची आणि मगच पैसे हलवायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये यूपीआयलाही ही जोड मिळाली. आमचा तंत्रज्ञानाला विरोध नाही. ज्याला पिन लक्षात ठेवता येत नाही, त्याला ही सोयच आहे. परंतु ही सोय कोणाच्या जोखमीवर उभी आहे, हा आमचा सवाल आहे.

१८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा खडीच्या करारावर घेतला. कशासाठी? तर त्याने उद्या करार नाकारू नये म्हणून! सावकाराच्या वहीतला अंगठाही त्यासाठीच होता. ठसा नेहमी देणाऱ्याला बांधतो, घेणाऱ्याला नाही.

आज आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या व्यवस्थेत बँकमित्राच्या यंत्रावर आधार क्रमांक आणि बोट पुरते. पिन नाही, ओटीपी नाही. जमिनीच्या दस्तांवरील ठशांवरून नकली बोटे तयार करून खाती रिकामी केल्याचे गुन्हे देशात नोंदले गेले आहेत. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. बोट कसे बदलणार?

दुसरी बाजू पाहा. पासवर्ड एकतर जुळतो किंवा जुळत नाही. ठशाचे तसे नाही. यंत्र फक्त साम्य मोजते. कसोटी सैल ठेवली तर चोर आत शिरतो, कडक ठेवली तर खरा मालक बाहेर राहतो. आणि बाहेर कोण राहतो? विटा, ऊस, दगड, झाडू आणि भांडी यांनी ज्याची बोटे झिजली तो! देशातले पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिले गेले. ज्यांच्या नावाने योजनेचा शुभारंभ झाला, त्यांच्याच बोटांना यंत्राने नाकारावे, हा कोणता न्याय?

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने सांगितले, की ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची, आणि तिसऱ्याच कोणी केलेली फसवणूक तीन कामाच्या दिवसांत कळविली तर ग्राहकावर बोजा नाही. हे किती कष्टकऱ्यांना ठाऊक आहे?

म्हणून आमचे बांधवांना सांगणे आहे: आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करता येते, ते करा. ‘ठसा उमटला नाही, पुन्हा लावा’ म्हटले, तर आधी पावती मागा. आणि शासनाकडे मागणी आहे: बोट नाकारले गेले तर दुसरा मार्ग त्याच खिडकीवर मिळालाच पाहिजे. ठसा आम्ही द्यायचा असेल, तर हिशेब त्यांनी दिला पाहिजे!