रबराचे वार्धक्य

छायाचित्रे मोठी करणाऱ्या जुन्या एन्लार्जरचा धातूचा सांगाडा दीर्घकाळ टिकतो. थकते ते त्यातील रबर. काही एन्लार्जरांत भिंग वरखाली करणाऱ्या दांड्यावर रबराचे लहानसे वेष्टण असते. त्याच्या घर्षणानेच भिंग सरकते व जागी थांबते. ते गुळगुळीत झाले, की भिंग स्वतःच्या भाराने किंचित खाली घसरते आणि कागदावरील चेहरा पुसट उमटतो. दिवंगत आजोबांची एकच निगेटिव्ह उरली असेल, तर हे घसरणे क्षुल्लक नव्हे.

१८३९ साली चार्ल्स गुडइयर याने गंधकाच्या योगाने रबर टिकाऊ केले; अमर नव्हे! प्राणवायू व उष्णता यांमुळे त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, किंवा परस्परांत अधिक गुंततात. तुटल्या तर रबर चिकट होते, गुंतल्या तर कडक होऊन तडकते. असे रबर नुसते पुसून भागत नाही. ते सोलून काढावे, दांडा स्पिरिटने स्वच्छ करावा आणि दांड्याहून किंचित अरुंद छिद्राची रबरी नळी त्यावर ताणून बसवावी. वेष्टणाची जाडी मात्र मूळच्याइतकीच हवी. वाढली तर दांडा फिरतच नाही. यंत्र अडले, की तेल घालण्याची आपल्याला सवय असते. येथे थेंबही नको. खनिज तेलाने रबर फुगते व घसरण वाढते.