कस्र खराना : नाव आणि वास्तू

जॉर्डनची राजधानी अम्मान हिच्या आग्नेयेस सुमारे ६० किलोमीटरांवर, वृक्षहीन खडकाळ माळावर कस्र खराना ही दुमजली चौरस वास्तू एकाकी उभी आहे. तिची प्रत्येक बाजू साधारणतः ३५ मीटर लांबीची. चारही कोपऱ्यांवर गोलाकार बुरूज, भिंतींत जंग्यांसारख्या अरुंद फटी आणि आत जाण्यास दक्षिणेकडील एकच दरवाजा. हे रूप पाहून तिला वाळवंटी किल्ला म्हटले गेले, यात नवल नाही.

परंतु जवळून पाहता हा समज टिकत नाही. बुरूज आतून भरीव आहेत. त्यांत पहारेकऱ्यास उभे राहावयास जागा नाही. फटींचा आकार नेम धरण्यास सोयीचा नाही, आणि त्या जमिनीपासून इतक्या उंच आहेत की बाण सोडणाऱ्यास शिडीच लावावी लागेल. त्यांचे खरे काम ऊन आणि धूळ अडवून दालनांत वारा व प्रकाश खेळविण्याचे होय.

येथे शब्दाचाही थोडा दोष आहे. लॅटिनमधील लष्करी छावणीचा वाचक ‘कास्त्रुम्’ हा शब्द ग्रीक आणि अरामी यांच्या द्वारे अरबीत ‘कस्र’ झाला, असे सामान्यतः मानतात. अरबीत मात्र त्याचा अर्थ प्रासादाकडे झुकला. स्पॅनिशमधील ‘अल्काझार’ हे त्याचेच रूप असून तेही दुर्ग आणि राजवाडा अशा दोन्ही अर्थांनी चालते. मराठीतील ‘गढी’ या शब्दात निवास आणि संरक्षण हे दोन्ही भाव असेच नांदतात. तेव्हा ‘कस्र’चा ‘किल्ला’ असा एकेरी अनुवाद करणे म्हणजे संशोधनाचे उत्तर आधीच ठरवून टाकणे होय.

आतील रचना अधिक बोलकी आहे. मधल्या अंगणाभोवती दोन मजल्यांवर मिळून सुमारे ६० दालने आहेत. मधे दिवाणखाना व त्याच्या दोन्ही अंगांस खोल्या असे त्यांचे गट पडतात. वरच्या दालनांतील गिलाव्याचे नक्षीकाम ससानी इराणची आठवण करून देते. त्यांपैकी एका दालनात काळ्या रंगाने लिहिलेली प्रार्थना असून तीवर हिजरी ९२, मुहर्रम २७, म्हणजे २४ नोव्हेंबर ७१० ही तिथी आहे. तेव्हा दमास्कसला उमय्यद खलीफा पहिला वलीद राज्य करीत होता. या लेखाचा पाठ नबिया ॲबट यांनी १९४६ मध्ये नव्याने लावला. पुष्कळ ठिकाणी हीच तिथी बांधकामाची म्हणून दिली जाते. ते बरोबर नव्हे. त्या दिवशी वास्तू उभी होती, एवढेच तिच्यावरून सिद्ध होते.

काफिल्यांची सराई म्हणावी, तर मोठ्या तांड्यास पुरेल असा पाण्याचा साठा येथे नाही. स्टीफन युराइस यांनी १९८७ च्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, उमय्यद सत्ताधारी आणि बदाऊनी टोळ्यांचे प्रमुख यांच्या भेटीगाठींसाठी ही वास्तू उभारली गेली. लेखी पुराव्याच्या अभावी हे अनुमानच आहे. तथापि भरीव बुरूज आणि सजविलेली दालने या दोहोंचा मेळ त्याच्याशी अधिक चांगला बसतो. भेटीस येणाऱ्यावर दुरूनच वचक बसावा, एवढेच काम बहुधा त्या बुरुजांकडे असावे.