सत्तर खुणांचा निरोप

पूर्वी तार करताना शब्दावर पैसे पडत. माणूस शब्द मोजून लिही. २०१३ साली आपल्या देशातली तार बंद झाली. पण मोजणी काही सुटली नाही, बरं का!

मोबाईलवरून साधा संदेश, म्हणजे एसएमएस, पाठवता ना? इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरे बसतात. मराठीत मात्र ७० खुणा. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षराचा जोड, मधली मोकळी जागा, सारे निराळे मोजले जाते. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर. फोन त्याच्या सहा खुणा धरतो! सत्तरच्या पुढे गेलात की तो दुसरा संदेश धरला जातो.

आणखी एक. संदेश उघडला नाही, तर वरवर फक्त सुरुवातीचे शब्द दिसतात. आम्ही पुतण्याला निरोप धाडला. जुनी सवय आमची! आधी ‘अनेक उत्तम आशीर्वाद’, मग पाऊसपाणी, शेवटी त्याच्या आईचे दुखणे. त्याने आशीर्वाद पाहिले नि फोन खिशात ठेवला. आला तो दुसऱ्या दिवशी. तोवर वहिनी बोलेनाशा झाल्या होत्या.

लिहायला हवे होते ते एवढेच: ‘आई दवाखान्यात आहे. आजच निघ.’ खुणा भरतात सत्तावीस.